कोरा कागद आणि कॉलेजचं गणित: स्टॅटिस्टिक्स, फायनान्स, इंजिनिअरिंगच्या नव्या मुलांसाठी

मागच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत सावनेरकडचा एक पोरगा आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. वही उघडून दाखवली तर पान न् पान भरलेलं, अक्षर सुरेख, प्रत्येक उत्तराभोवती चौकट. मी त्याच वहीतलं एक गणित आकडे बदलून कोऱ्या कागदावर लिहून दिलं. दहा मिनिटं तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, वाचलं तवा समजलं होतं. सोडवाले बसलो का काहीच सुचत नाही."

ती वही सोडवलेली नव्हती, उतरवलेली होती. गाईडमधून, सिनिअरच्या नोट्समधून, मोबाईलवरून. मेहनत खरी होती, पण ती हाताची झाली. काटोल, उमरेड, गोंदिया, गडचिरोलीहून दरवर्षी जी मुलं नागपुरात शिकायला येतात, त्यांच्यातली निम्मी मला याच ठिकाणी अडलेली दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी स्वतः नरखेडची. बारावीपर्यंतचं गणित डोक्यात मराठीत होतं. नागपूरला आले आणि पहिल्याच हिवाळी परीक्षेत मेकॅनिक्स राहिला. सूत्रं सगळी पाठ होती. प्रश्नात "लाईट रॉड" लिहिलं होतं आणि मी त्या दांड्याचं वजन प्रश्नात शोधत बसले. लाईट म्हणजे वजन शून्य धरा, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. तेव्हापासून एक पक्कं मत झालंय: गणित सूत्रावर कमी अडतं, प्रश्नाच्या वाचनावर जास्त अडतं.

आधी थोडं सामान

एका विषयाला एकच पुस्तक घ्या. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, जुनी पुस्तकं मिळतात, नवंच हवं असं काही नाही. मागच्या चार-पाच वर्षांचे उन्हाळी आणि हिवाळी पेपर कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे बहुतेक असतातच. कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणि पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर कोणता चालतो ते कॉलेजात विचारून घ्या आणि सरावाला तोच वापरा. घेतल्या घेतल्या साईन ३० दाबून बघा. ०.५ आलं पाहिजे. उणे ०.९८८ आलं, तर तो अंशांऐवजी रेडियनवर आहे. हे परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत दुपारी कूलरसमोर बसूनही डोकं चालत नाही. पहाटेचे दोन तास धरा.

पहिली पायरी: प्रश्न आपल्या भाषेत सांगा

प्रश्न वाचून झाला की पुस्तक पालथं ठेवा आणि समोर लहान भाऊ बसलाय असं समजून त्याला सांगा: काय दिलंय, काय विचारलंय, काय गृहीत धरायचंय. मोठ्याने, मराठीत. सांगता आलं नाही तर पुन्हा वाचा. पेन अजून उचलायचं नाही. मी हे नरखेड ते नागपूर गाडीत करायची. खिडकीशी बसून एकेक गणित स्वतःला सांगायची. कागद नसल्यामुळे उतरवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे विचार करणं भाग पडायचं.

या पायरीवर काही शब्द हमखास पाय अडकवतात. मेकॅनिक्समध्ये "स्मूथ" दिसलं की घर्षण शून्य. "रफ" दिसलं की घर्षण आहे, ते विसरू नका. "इनएक्स्टेन्सिबल" दोरी म्हणजे न ताणणारी, म्हणून तिच्या दोन्ही टोकांचा वेग आणि त्वरण सारखं. हा एक शब्द तुम्हाला एक अख्खं समीकरण देऊन जातो. "मोमेंट" म्हणजे क्षण नव्हे. बल गुणिले लंब अंतर, म्हणजे वळवण्याची ताकद. "नॉर्मल" मेकॅनिक्समध्ये पृष्ठभागाला लंब असतो, आणि तोच शब्द स्टॅटिस्टिक्समध्ये घंटेच्या आकाराच्या वक्राचं नाव होतो.

स्टॅटिस्टिक्समध्ये "ॲट लीस्ट" म्हणजे किमान, "ॲट मोस्ट" म्हणजे जास्तीत जास्त. "मोअर दॅन थ्री" मध्ये तीन येत नाही, "ॲट लीस्ट थ्री" मध्ये येतो. या एका फरकावर बायनॉमिअलचं (ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश येईल, त्या शक्यतेचं) पूर्ण गणित चुकतं. "ॲट लीस्ट वन" दिसलं की उलट बाजूने जा: एकही नसण्याची शक्यता काढा आणि १ मधून वजा करा. नाणं तीनदा उडवून किमान एक छापा येण्याची शक्यता १ वजा १/८, म्हणजे ७/८. आणि "सिग्निफिकंट" म्हणजे महत्त्वाचं असं लिहू नका. दावा खरा धरला तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फायनान्समध्ये "सेमी-ॲन्युअली" (दर सहा महिन्यांनी) दिसलं की वर्षाचा दर अर्धा करा आणि कालावधी दुप्पट. दोन्ही करा, एकच नाही. ॲन्युइटी म्हणजे ठरावीक काळाने येणारा सारखा हप्ता. "ॲन्युइटी ड्यू" मध्ये तो प्रत्येक कालावधीच्या सुरुवातीला असतो, साध्या ॲन्युइटीत शेवटी.

अशा शब्दांसाठी वहीची मागची दोन पानं राखून ठेवा. शब्द, समोर मराठी अर्थ, आणि तो दिसल्यावर काय करायचं. महिनाभरात ती पानं भरतात आणि मग प्रश्न परका वाटत नाही.

दुसरी पायरी: सूत्राआधी अंदाज

कॅल्क्युलेटर हातात घेण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात उत्तराचा अंदाज लिहा. मोठं की लहान, धन की ऋण, साधारण किती. मुलं याला वेळ घालवणं म्हणतात. मी म्हणते, चूक पकडण्याचं याहून स्वस्त साधन नाही.

उदाहरण घरचंच घेऊ. जानेवारीच्या पहाटे, १२ अंशांत, गाडीच्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४५ अंश. हवा निघाली नाही आणि टायरचं आकारमान तेवढंच राहिलं असं धरलं, तर दाब किती होईल?

घाईत सोडवणारा ३० ला ४५ ने गुणतो, १२ ने भागतो आणि ११२ लिहितो. आता नुसता विचार करा. ११२ झाला असता तर मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर एकही टायर धड राहिला नसता. दाब थोडा वाढायला हवा, पाव पटीच्या आतच. म्हणजे इथे काहीतरी चुकलंय. दोन चुका आहेत. वायूच्या नियमात तापमान केल्विनमध्ये लागतं, म्हणून २८५ आणि ३१८. आणि पंपावरचा काटा जो दाब दाखवतो तो वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो, त्यामुळे त्यात १४.७ मिळवायचे. ४४.७ गुणिले ३१८ भागिले २८५, साधारण ४९.९. त्यातून १४.७ परत वजा केले की काटा ३५.२ दाखवेल.

काहीतरी चुकलंय हे अंदाजाने कळलं, सूत्राने नाही. सूत्र तर ११२ च्या वेळीही तेच होतं.

स्टॅटिस्टिक्स: एक संत्रं आणि छत्तीस संत्री

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण सगळ्यात जास्त घोळ याच ठिकाणी होतो.

समजा कळमन्याच्या बाजारात एक व्यापारी म्हणतो, माझ्या मालात एका संत्र्याचं सरासरी वजन १५० ग्रॅम आहे. प्रमाण विचलन १२ ग्रॅम दिलंय. आपण न बघता ३६ संत्री उचलली, त्यांची सरासरी १४६ ग्रॅम आली. व्यापाऱ्याचं म्हणणं ५ टक्के पातळीवर (म्हणजे खरा दावा चुकून फेटाळण्याची शक्यता ५ टक्के धरून) टिकतं का?

सगळ्यांना सूत्र येतं. तरी अर्धा वर्ग ४ ला १२ ने भागतो, ०.३३ काढतो आणि "दावा मान्य" लिहून मोकळा होतो. मुळाखालचा ३६ विसरला.

का भागायचं मुळाने, हे एकदा हातात संत्री घेऊनच समजून घ्या. एक संत्रं उचललं तर ते १३५ चं निघू शकतं, १६५ चंही निघू शकतं. एकट्याचं वजन १२ ग्रॅमने इकडेतिकडे होणं साहजिक आहे. पण ३६ उचलली की काही जड, काही हलकी, एकमेकांना भरून काढतात. त्यांची सरासरी तेवढी हलत नाही. ती किती हलते? १२ भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे १२ भागिले ६, म्हणजे २ ग्रॅम. आता ४ ग्रॅमचा फरक २ ग्रॅमच्या मापाने मोजा: झेड उणे २. दोन्ही बाजूंच्या चाचणीत ५ टक्क्यांची सीमा १.९६, आपण तिच्या बाहेर. दावा टिकत नाही. १ टक्का पातळीवर सीमा २.५७६, तिथे मात्र तो फेटाळता येत नाही. पातळी कोणती दिली आहे ते प्रश्नात बघूनच निष्कर्ष लिहा.

प्रश्नात "सरासरी १५० पेक्षा कमी आहे का" असं विचारलं असेल, तर चाचणी एका बाजूची होते आणि सीमा १.६४५. पहिल्या पायरीत प्रश्न मराठीत सांगितला असेल तर हे आपोआप कळतं.

नमुना लहान असेल आणि विचलन नमुन्यातूनच काढलेलं असेल तर झेड नाही, टी वापरायचा. हा टी कुठून आला ते मुलांना सांगितलं की आवडतं. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा माणूस कामाला होता. त्याच्यासमोर मोजकेच नमुने असायचे आणि झेडची पद्धत तिथे चुकत होती. त्याने १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने आपलं काम छापलं. म्हणून तो स्टुडंटचा टी. म्हणजे हे सूत्र कमी माल हातात असलेल्या माणसाच्या गरजेतून आलंय. एवढं लक्षात ठेवलं की टी कधी वापरायचा हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

कॅल्क्युलेटरवर प्रमाण विचलनाची दोन बटणं असतात, तेही बघून ठेवा. ४, ६, ८, १०, १२ हे आकडे टाका. एक बटण २.८३ देईल, दुसरं ३.१६. पहिलं ५ ने भागतं, दुसरं ४ ने. आकडे नमुन्याचे असतील आणि त्यावरून सगळ्या मालाबद्दल बोलायचं असेल तर दुसरं.

फायनान्स: आधी रेघ ओढा

फायनान्सच्या गणितात चित्र म्हणजे एक आडवी रेघ. डावीकडे आज, मग महिने किंवा वर्षं. आलेला पैसा रेघेच्या वर, गेलेला खाली. ही रेघ न ओढता मी आजही एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा आज घातलेला पैसा) काढत नाही.

मोपेडसाठी ९०,००० रुपये कर्ज, वर्षाला १२ टक्के, २४ महिने. हप्ता किती? अंदाज आधी. कर्ज हळूहळू फिटत जातं, म्हणून सरासरी अर्धंच, ४५,०००, डोक्यावर असतं. त्याचं दोन वर्षांचं १२ टक्क्यांनी व्याज १०,८००. एकूण १,००,८००, भागिले २४, म्हणजे ४,२०० च्या आसपास. आता सूत्र: महिन्याचा दर ०.०१, आणि ९०,००० गुणिले ०.०१, म्हणजे ९००, भागिले (१ वजा १.०१ चा उणे २४ वा घात). उत्तर ४,२३६.६१. अंदाजाला धरून आहे. तुमचं उत्तर १०,८०० च्या वर गेलं असेल तर तुम्ही महिन्याच्या दराच्या जागी ०.१२ टाकलंय.

याच गणिताचा दुसरा भाग पुस्तकात क्वचित असतो, पण घरी उपयोगी पडतो. दुकानात "१२ टक्के फ्लॅट" म्हणतात तेव्हा व्याज पूर्ण ९०,००० वर दोन्ही वर्षं लावलेलं असतं: २१,६००. हप्ता होतो ४,६५०. पण फिटलेल्या मुद्दलावरही तुम्ही व्याज भरताय, म्हणून खरा दर काढला तर तो वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने घरी फोन लावला. तिच्या वडिलांची त्याच आठवड्यात गाडी घ्यायची बोलणी चालू होती.

एनपीव्हीचं थोडक्यात सांगते. आज १,००,००० घातले, पुढची तीन वर्षं वर्षअखेरीस ४०,००० येणार, दर १० टक्के. नुसती बेरीज १,२०,०००, फायदा वाटतो. आजच्या किमतीत आणलं की ९९,४७४. एनपीव्ही उणे ५२६. रेघेवर प्रत्येक ४०,००० च्या खाली त्याची आजची किंमत लिहा (३६,३६४, ३३,०५८, ३०,०५३) म्हणजे पैसा लांब गेला की कसा झिजतो ते डोळ्यांना दिसतं.

इंजिनिअरिंग: एककं पावलोपावली

चार मीटरची तुळई, दोन्ही टोकं टेकलेली, तिचं स्वतःचं वजन सोडून द्या. डाव्या टोकापासून एक मीटरवर १० किलोन्यूटन भार, म्हणजे सिमेंटच्या पन्नास किलोच्या साधारण वीस गोण्या एकाच जागी रचल्या असं समजा. छेद १०० मिमी रुंद, २०० मिमी उंच. जास्तीत जास्त ताण किती?

आधी मोकळं चित्र काढा: तुळई, भाराचा बाण खाली, आधारांचे बाण वर. भार डावीकडे आहे, म्हणून डावा आधार जास्त घेणार. हा झाला अंदाज. उजव्या टोकाभोवती मोमेंट घेतला की डावा ७.५ आणि उजवा २.५ किलोन्यूटन. बेरीज १०, ठीक. सगळ्यात मोठा मोमेंट भाराखाली: ७.५ गुणिले १, म्हणजे ७.५ किलोन्यूटन-मीटर.

इथून पुढे मुलं घसरतात. छेद मिलिमीटरमध्ये आहे, मोमेंट मीटरमध्ये. किलोचे हजार आणि मीटरचे हजार, मिळून दहा लाख: ७५,००,००० न्यूटन-मिमी. सेक्शन मॉड्युलस म्हणजे रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले ६, ६,६६,६६७ घन मिमी. मोमेंट भागिले मॉड्युलस, म्हणजे ताण, ११.२५ न्यूटन प्रति चौरस मिमी. प्रत्येक ओळीत एकक लिहा, शेवटच्या ओळीत नाही. एककं लिहिली की ती स्वतःच चूक दाखवतात.

तीच तुळई आडवी ठेवली, म्हणजे छेद २०० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच, तर? मॉड्युलस अर्धा, ताण २२.५. सुतार फळी उभी का लावतो ते या वर्गात दडलंय. घरी लाकडी पट्टी दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, मग हे सूत्र विसरणार नाही.

उत्तर कधी उघडायचं

वीस मिनिटं प्रामाणिक झटापट झाल्याशिवाय नाही. उघडलंच तर पहिली अडलेली ओळ बघा, पुस्तक मिटा, पुढचं स्वतः करा. दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा. मोबाईलवर फोटो काढला की सेकंदात पूर्ण उत्तर येतं, हे मला ठाऊक आहे. त्याला उत्तर मागू नका, आपण सोडवलेलं तपासायला द्या. आणि त्याचं उत्तरही अंदाजाशी ताडून बघा, तेही चुकतं.

एक चुकांची वही ठेवा. त्यात गणितं नाहीत, फक्त चुका: "मुळाखालचा ३६ विसरले." "दर वार्षिक, कालावधी महिन्यात." "सेल्सिअस." परीक्षेच्या आदल्या रात्री मी पुस्तक उघडत नसे, ही वही उघडायची. राहिलेला मेकॅनिक्स उन्हाळी परीक्षेत निघाला.

रूमवर दोघं-तिघं असाल तर एकाने सांगायचं, बाकीच्यांनी फक्त "काऊन?" (का?) विचारायचं. सांगणारा जिथे थांबतो तिथेच त्याला येत नसतं.

पेपरात दिलेलं, विचारलेलं, गृहीत धरलेलं वेगवेगळं लिहा, चित्र काढा, सूत्र लिहा. शेवटचा आकडा चुकला तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. रिकाम्या पानाला काहीच मिळत नाही.

आज रात्रीसाठी एक गणित. वरचीच तुळई, उभी, तेवढाच भार, पण बरोबर मध्ये. जास्तीत जास्त ताण किती? आधी कोपऱ्यात लिहा: ११.२५ पेक्षा जास्त की कमी, आणि का. उत्तर १५ न्यूटन प्रति चौरस मिमी यायला हवं. ३० आलं तर तुम्ही तुळई आडवी ठेवली. ०.०१५ आलं तर किलोचे हजार धरले आणि मीटरचे राहिले. ११.२५ च आलं तर भार हलवायचा राहून गेला, चित्र पुन्हा काढा.